नवव्या दिवसाचा दोरा

चौथीच्या वर्गात खिडकीच्या गजापासून फळ्याजवळच्या खिळ्यापर्यंत एक दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे. नवीन माणूस वर्गात डोकावला की त्याला वाटायचं, इथे रुमाल वाळवतात की काय. पण त्या चिमट्यांना रुमाल नसायचे, कागद असायचे. एका कागदावर कुणाचं तरी म्हणणं. त्याच्या खाली दुसरा कागद, त्यावर पुरावा. आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटीशी पट्टी, तिला मुलं "जोड" म्हणायची. म्हणजे या पुराव्यावरून ते म्हणणं कसं निघतं, ते एका वाक्यात. ज्याच्या खाली काहीच लटकत नाही ते म्हणणं तास संपला की उतरवायचं, मग ते वर्गातल्या दादाचं असो नाहीतर पुस्तकाचं.

ही दोरी बांधणाऱ्या बाईंना शाळेत सगळे कशावरूनबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, मागे. पण बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बाई काही विज्ञानाच्या नव्हत्या. कॉलेजात इतिहास शिकलेल्या, मग शिक्षकाची पदविका, मग हीच शाळा, हीच खोली, सतरा वर्षं. त्यातली पंधरा वर्षं त्या उत्तरं उतरवून द्यायच्या. "प्रश्न सहावा. उत्तर. पूर्णविराम द्या रे." त्यांच्या वर्गाच्या वह्या इतक्या देखण्या असायच्या की मुख्याध्यापक त्या पाहुण्यांना दाखवायला स्वतःच्या टेबलावर ठेवायचे.

मग दोन वर्षांपूर्वी एक गंमत झाली. तरंगणं-बुडणं शिकवताना बाईंनी एक बादली आणली आणि लाकडाचा हा एवढा ठोकळा. विचारलं, काय होईल? वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा ओरडला, "बुडणार!" झालं. सगळा वर्ग, "बुडणार, बुडणार." बाईंनी ठोकळा सोडला, तो मस्त तरंगला. आणि तो मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, हे लाकूड बिघडलंय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानेही म्हटलं नाही की आपलं चुकलं असेल.

बाई तेव्हा पोट धरून हसल्या. पण घरी गेल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पंधरा वर्षं मी काय केलं मग? ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, आणि आजवर वर्गात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? माझाच! दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या दुकानातून दोरी आणली.

नवऱ्याचं दुकान म्हणजे कपडे अल्टर करायचं. पँट आखूड कर, बाही उसव, चेन बदल. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की टाचणीसारखा. "वर्गात भांडणं लावतेस म्हणे," असं तो दर शुक्रवारी विचारायचा, कारण वादाचा तास शुक्रवारी असायचा.

आता हा तासच धोक्यात आला होता. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या, एक सोडून तीन. एका आईने लिहिलं होतं, मुलाला म्हटलं आठ तास झोपलं की उंची वाढते, तर तो म्हणतो, कशावरून, बाबा तर बारा तास झोपतात. मुख्याध्यापक वाईट नव्हते, पण त्यांना कटकट नको असायची. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं.

"बाई, पुढच्या गुरुवारी तपासणीच्या मॅडम येतायत. तुमचा वादाचा तास मी त्यांनाच दाखवतो. पसंत पडला तर राहील. नाहीतर आपलं पहिल्यासारखं, मुकाट्याने उत्तरं उतरवून द्यायची. मला घरून फोन नकोत."

"चालेल सर," बाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, चालेल कसलं, फाशीच आहे ही.

त्यांनी धडा निवडला रोपांचा. सोपा, दिसणारा, हुकमी. काचेच्या दोन बरण्या, ओली माती, भिजवलेल्या घेवड्याच्या बिया. एक बरणी खिडकीत, एक वर्गातल्या लोखंडी कपाटात, दार बंद. प्रश्न: कुठलं रोप जास्त वाढेल? पुस्तकात चक्क चौकटीत छापलेलं होतं, "प्रकाशाशिवाय रोपाची वाढ होत नाही." नऊ दिवसांनी, गुरुवारी, मॅडमच्या समोर कपाट उघडायचं, मुलं आपापली म्हणणी पुराव्यासकट दोरीवर टांगतील, काम फत्ते.

पहिल्याच दिवशी भोंग्याने आपला कागद लावला, "खिडकीतलंच वाढणार." भोंगा म्हणजे या वर्षीचा मोठा आवाज. प्रत्येक वर्षी एक असतोच. सगळ्यांनी त्याच्या मागे कागद लावले. एकच कागद वेगळा होता. "कपाटातलं जास्त वाढेल." तो लावला होता पुटपुटीने.

पुटपुटी ही अशी मुलगी की जी बोलते हे फक्त तिच्या बाकावरच्या मुलीलाच माहीत. ओठ हलायचे, आवाज नाही. "का गं असं वाटतं?" बाईंनी विचारलं तर तिने काहीतरी सांगितलं, ते तिच्या शेजारणीने मोठ्याने सांगितलं, "बाई, ती म्हणते घरी कांद्याच्या टोपलीत खाली एक बटाटा राहिला होता, त्याला लांबच लांब कोंब आले होते."

वर्ग खो खो हसला. पण त्याला पुरावा म्हणतात, त्यामुळे कागद राहिला. आणि बाईंनी मापायचं काम तिलाच दिलं. पट्टी नाही, दोरा. रोज मधल्या सुट्टीत रोपाला दोरा लावायचा, तेवढाच कापायचा, वहीत चिकटवायचा, खाली वार लिहायचा. दोऱ्याचं रीळ दुकानातलंच, निळं. कपाटाचं दार तिने एकटीने उघडायचं आणि लगेच लावायचं, म्हणजे उजेड जाणार नाही. आणि गुरुवारपर्यंत कुणाला एक शब्द सांगायचा नाही. तसंही ती कुणाला काय सांगणार होती!

शनिवारी बाईंनी तिची वही बघितली. दोन्हीकडे नखाएवढे दोरे. रविवारच्या जागी लिहिलेलं, "शाळा बंद असेल, दोरा नाही." आधीच लिहून ठेवलं होतं पोरीने. बाई हसल्या आणि वही परत दिली.

बुधवारी संध्याकाळी शाळा सुटली, सगळे गेले, आणि बाईंनी सहज म्हणून कपाट उघडलं.

रोप वीतभर झालं होतं.

खिडकीतलं चार बोटं, आटोपशीर, हिरवंगार. आणि हे कपाटातलं वीतभर लांब, पिवळट, वरच्या फळीला टेकायला निघालेलं. बाईंनी दार लावलं. पुन्हा उघडलं. जणू काही दुसऱ्यांदा उघडल्यावर ते लाजून खाली बसणार होतं! उद्या मॅडम, सर, सगळा वर्ग. पुस्तक एक सांगतंय, कपाट दुसरंच दाखवतंय, आणि का, ते त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. इतिहास शिकलेल्या होत्या हो त्या! मुलांनी विचारलं तर काय सांगणार? सर म्हणतील, हे काय शिकवताय, पुस्तकाच्या उलटं?

आता प्रयोग करून दाखवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, प्रत्येकाकडे एक जादा बरणी असते. प्रयोग फसला तर असावी म्हणून. बाईंचीही होती, घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिला पाणी घालायचं राहून गेलं होतं, त्यामुळे त्यातलं रोप दोन बोटांचं, मान टाकलेलं. म्हणजे हवं तसंच. बाई दहा मिनिटांत घरी गेल्या, पिशवीत घालून बरणी आणली, कपाटात ठेवली. वीतभर रोपाची बरणी स्टाफरूमच्या बेसिनखाली, फिनेलच्या बाटल्यांच्या मागे.

घरी जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. सांगितल्याशिवाय त्यांना घास जात नव्हता.

"अहो, पण पुस्तकात तेच लिहिलंय ना. खोटं काही नाही त्यात. रोपाचंच काहीतरी बिघडलं असणार."

नवऱ्याने भात कालवता कालवता वर बघितलं. "रोप बिघडलंय?"

बाईंनी आमटीचं भांडं उगाच त्याच्या पुढे सरकवलं.

"म्हणजे गिऱ्हाइकाने पँट शिवायला टाकली, आपली चुकली, म्हणून आपण त्याला दुसऱ्याच कुणाची दिली. बरोबर?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत पँटच दिसते."

"पँट घालून बघतो ना माणूस, म्हणून म्हटलं." आणि तो पुन्हा जेवायला लागला.

गुरुवारी मॅडम आल्या. साध्या होत्या, पायात कापडी बूट, हातात जाडजूड वही. मागच्या बाकावर मुलांच्यातच बसल्या, गुडघे वर करून. मुख्याध्यापक मात्र खुर्ची आणून दाराशी बसले.

कपाट उघडलं. खिडकीतली बरणी आणि कपाटातली बरणी शेजारी शेजारी टेबलावर. भोंग्याने एवढ्या जोरात "येस!" केलं की शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. कागद भराभर लागले. म्हणणं: खिडकीतलं जास्त वाढलं. पुरावा: हे चार बोटं, ते दोन बोटं. जोड: एकाला उजेड मिळाला, एकाला नाही, बाकी सगळं सारखं, म्हणून फरक उजेडाचा. अगदी चोख! मॅडम लिहीत होत्या. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान. बाईंना वाटलं, सुटलो.

पुटपुटी मात्र टेबलापाशी उभी होती. तिने नवव्या दिवसाचा दोरा कापला होता आणि वही उघडून तो चिकटवत होती. चिकटवता चिकटवता थांबली. मग तिने हात वर केला. बाईंना हात दिसला आणि तेव्हा, तेव्हा कुठे त्यांना ती वही आठवली. शनिवारनंतर त्यांनी ती पाहिलीच नव्हती!

"बाई, हे आपलं रोप नाही."

ऐकू आलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं.

"कशावरून?" भोंगा वळला.

तिने वही उंच धरली. पानावर निळे दोरे उभे, एकाशेजारी एक, सोमवारचा बोटभर, मंगळवारचा त्याच्या दुप्पट, बुधवारचा वहीच्या अर्ध्या पानापर्यंत. आणि गुरुवारचा एवढासा. जिना चढता चढता कुणीतरी खाली पडावं तसा.

"रोप आखूड होत नसतं," ती म्हणाली. "म्हणून हे आपलं नाही. ही जोड."

"तू अंधारात मापत होतीस," भोंगा म्हणाला. "दिसलंच नसेल. दोरा ताणला असशील."

"तीन दिवस?"

"हो! तू चुकतेसच. परवा डबा विसरलीस."

"ए, डब्याचा काय संबंध?" हा बोलला तो आजोबा. म्हणजे होता नऊच वर्षांचा, पण बोलायचा पेन्शन घेतल्यासारखा. "डबा विसरला म्हणून दोरा चुकला, ही जोड लागत नाही. काढ तो मुद्दा."

"मग रोप काय कापून नेलं कुणी?"

"कापलेलं असतं तर वरून तुटलेलं दिसलं असतं. शेंडा आहे की त्याला."

"मग तिचंच चुकलं!" भोंगा ओरडला, आणि चार-पाच जण त्याच्या बाजूने ओरडले. "तिचंच चुकलं, तिला कपाटातलंच जिंकायला हवं होतं ना, म्हणून मोठे मोठे दोरे लावले!"

पुटपुटीचा चेहरा लाल झाला. पण तिने वही खाली नाही घेतली.

मुख्याध्यापकांना हे आवरायला हवं होतं. ते उठून गोड आवाजात म्हणाले, "बाळ, होतं असं. मापण्यात चूक सगळ्यांकडून होते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांकडून पण होते. बस हं खाली."

ती बसली नाही. तिने बाईंकडे बघितलं. "बाई, माझे दोरे चुकले का?"

एक "हो" म्हणायचं होतं. बस्स. मापात चूक, बेटा, पुढच्या वेळी नीट बघ. तास वाचला असता, दोरी वाचली असती, दोन वर्षांची मेहनत वाचली असती. तो "हो" बाईंच्या दातांपर्यंत आला होता. पण ही पोरगी चार महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली होती, आणि तेही खरं! आता तिला हो म्हटलं तर ती पुन्हा आयुष्यात कधी तोंड उघडेल?

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझे दोरे बरोबर आहेत. बरणी मी बदलली."

सगळ्या वर्गाच्या माना टेबलावरच्या बरणीकडे वळल्या.

"काल संध्याकाळी. कपाटातलं रोप लांब झालेलं होतं. पुस्तकात तसं नाहीये. मी घाबरले आणि दुसरी बरणी ठेवली."

भोंग्याचं तोंड उघडंच. "म्हणजे मी जिंकलो ते खोटं?"

"हो रे."

"बाई!" त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला. "मी एवढा ओरडलो!"

बाई स्टाफरूममध्ये गेल्या आणि बेसिनखालून बरणी घेऊन आल्या. फिनेलचा वास येत होता तिला. रोप वीतभराहून जास्त, पिवळं, पानं चिमुकली, मिटलेली. पुटपुटीने कुणी न सांगता दोरा लावला, कापला. आखूड दोऱ्याच्या शेजारी चिकटवला. बुधवारच्यापेक्षा थोडा मोठा.

मुख्याध्यापक कपाळाला हात लावून बसले होते. मॅडमनी वही मिटली. "चालू द्या," एवढंच म्हणाल्या.

आणि चालू झालं, बाईंना काही करावंच लागलं नाही. पुटपुटीचं म्हणणं, कपाटातलं जास्त वाढलं, हे बघा दोरे. आजोबा म्हणाला, थांब, लांब झालं म्हणजे वाढलं का? हे बघ देठ किती बारीक, पानं किती छोटी. भोंगा म्हणाला, पाय लांब झाले म्हणून माणूस मोठा झाला का! शेजारीण म्हणाली, मग वाढ मापायची कशाने, ते आधी ठरवायला पाहिजे होतं. पुटपुटी म्हणाली, ठरलं होतं ना, दोऱ्याने, तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही. भोंगा कान खाजवत म्हणाला, "हं, हे खरंय." कुणीतरी विचारलं, बाई, ते लांब का झालं? बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." सतरा वर्षांत हे वाक्य त्यांनी त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

घंटा व्हायच्या आधी मॅडम पुढे आल्या. "मला त्या छोट्या रोपाची पानं हिरवी दिसली तेव्हाच शंका आली होती. नऊ दिवस अंधारात असलेलं रोप असं नसतं." मग मुलांकडे वळल्या. "आता मला सांगा. तुमच्या बाईंनी पुरावा बदलला. हा तास ठेवायचा की बंद करायचा? म्हणणं, पुरावा आणि ते तुमचं काय ते, जोड."

बाईंना वाटलं जमीन दुभंगावी.

भोंगा म्हणाला, ठेवायचा, कारण बाईंनी स्वतः सांगितलं. आजोबा म्हणाला, स्वतः कुठे, पकडल्यावर सांगितलं. शेजारीण म्हणाली, पकडलं नव्हतं, सगळे हिलाच चूक म्हणत होते, गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? आजोबाने विचार केला आणि मान्य केलं. शेवटी सगळ्यांनी पुटपुटीकडे बघितलं.

"तास ठेवायचा," ती म्हणाली. "पण कपाटाची चावी बाईंकडे नको."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. तास वर्षअखेरपर्यंत चालू ठेवावा. शिक्षिकेने प्रयोगात फेरफार केल्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात करावी. मुख्याध्यापक म्हणाले, "काठावर वाचलात बाई," आणि सही करायला पेन पुढे केलं. बाईंनी सही केली. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "माझ्याही हातून पँटी जळल्यात, पण माझं सेवापुस्तक नाही, नशीब," आणि त्या दिवशी भांडी त्याने घासली.

लांब रोप पुन्हा कपाटात, रोजचं मापणं चालू, आणि चावी पुटपुटीच्या गळ्यात निळ्या दोऱ्यात. बाईंना खडू हवा असला तरी मागावा लागायचा.

सतराव्या दिवशी बाई जरा लवकर शाळेत आल्या. कपाट उघडं होतं आणि पुटपुटी पुढ्यात उकिडवी बसली होती. लांब रोप आडवं पडलं होतं. देठ मधेच मऊ झालेला, शेंडा बरणीच्या काठावरून खाली लोंबलेला. तिच्या म्हणण्याचा कागद अजून दोरीवर होता आणि वर्ग भरायला दहा मिनिटं होती. तिच्या हातात झाडूची एक काडी होती.

बाई दारातच थांबल्या. आत जावं की नाही कळेना.

तिने मागे बघितलं, दचकली, पण काडी लपवली नाही.

"बाई, पडलंय ते. काडी लावली तर उभं राहील."

"हं."

"लावू?"

बाई कुठल्या तोंडाने बोलणार होत्या!

पुटपुटीने रोपाकडे बघितलं. मग काडी मातीत खोचली, देठ हलक्या हाताने उभा केला, दोऱ्याने बांधला. रोप उभं राहिलं. मग तिने दप्तरातून वही काढली, सतराव्या दिवसाचा दोरा चिकटवला आणि त्याच्या खाली, ओठ हलवत, मोठ्या अक्षरात लिहिलं, "आज पडलं होतं. काडी मी लावली आहे."

वही तशीच उघडी टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि कपाट लावून घेतलं.